औटकी

पूर्ण आठवडा धरायचा धीर नव्हता,
म्हणून अर्धा अर्धा मोजत गेलो.
साडेतीन दिवस म्हणजे एक औट.

एक औट औट, बे औट सात,
तीन औट
इथे अडलो. अकरावा दिवस उलटत होता.
सावद्याच्या वजनकाट्यावर, पत्र्याच्या केबिनमध्ये
पंखा भट्टीतली हवा भट्टीतच फिरवत होता,
केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर पावतीसाठी काच वाजवत होता.
बापानं माझ्या, जिनिंगमधल्या तोलारानं,
कापसाच्या गाठीवर बसवून घोटून घेतलेली औटकी
कुठे गेली, हे विचारायलाही
डोक्यात कुणी जागं नव्हतं.

घरी कुमुद म्हणाली, सांडशी द्या.
मी ओट्यापुढे उभा.
वस्तू सगळ्या दिसत होत्या,
नावं दार लोटून निघून गेलेली.
दूध उतू गेलं. ती काही बोलली नाही.
तिचं न बोलणं मला ऐकू आलं,
कितीतरी दिवसांत नीट ऐकू आलेलं तेवढंच.

मग परतू लागलं एकेक, रांगेत नाही, कसंही.
आधी कच्च्या केळीचा वास, ओल्या खडूसारखा.
मग पोराची चप्पल फरफटत चालायची सवय.
मग भर तीन वाजता, कारण नसताना: सांडशी!
मोठ्यानं म्हणालो. हमाल हसले.
सातपुडा मला नुसता धूर वाटायचा,
त्या संध्याकाळी पालच्या बाजूला
डोंगरामागे डोंगर, तीन रांगा. मोजल्या.

लीलाधर सहा वर्षं कोरडा आहे. म्हणाला,
"भो, गाळ काढतोय तू विहिरीचा.
आधी गढूळ येईल, मग नितळेल, मग तळ दिसेल.
तळाशी काय पडलंय, ते तुझं तू बघ."

नऊ औट साडेएकतीस.
गेल्या सालचं रजिस्टर काढलं. कुणी सांगितलं नव्हतं.
जीभ दुखऱ्या दाताकडे जाते, तसं.
फेब्रुवारी, सतरा तारीख.
अक्षर माझंच, पण उतरणीला लागलेलं.
भरलेली गाडी एकशे चव्वेचाळीस क्विंटल,
रिकामी अठ्ठावन्न,
निव्वळ माल ब्याऐंशी.

पुन्हा केली वजाबाकी. पावतीच्या पाठीवर केली.
बोटांवर केली.
शहाऐंशी.

शेतातल्या काट्यावरही शहाऐंशीच भरली होती.
म्हणून तर चार क्विंटल माल वाटेत उतरवला म्हणत
शेठनं सुभान तडवीला गाडीच्या फाळक्याशी उभं करून
खिसे तपासले.
केळी खिशात मावतात का हो, असं मीच म्हणालो होतो,
आणि सगळे हसले होते.
तो नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आलाही नाही.

डोकं साफ झालं की बरं वाटेल,
असं सांगितलं होतं मला.

बारा औट बेचाळीस.
आज काटा बंद. शर्टाच्या खिशात त्या पानाची झेरॉक्स,
शर्टावर चिकाचे डाग, कुठल्याच साबणाला न जाणारे.
फाट्यावर दुकानाचं शटर अर्धं वर होतं.
आत शिरलो असतो तर
चारचा फरक तासाभरात मिटला असता,
ब्याऐंशी पुन्हा बरोबर झाले असते.
गाडी बंद न करता उभा राहिलो तिथे.
किती वेळ, ते आठवतं. अकरा मिनिटं.

घर शेवटचं, निंबाखाली.
दारात पोरगं, सात-आठ वर्षांचं, हातात चक्राचं खेळणं.
"कुठले?"
"काट्यावरचा," मी म्हणालो. "वजनकाट्यावरचा."
त्यानं माझ्याकडे बघितलं, आत गेलं.

चुलीवरून काहीतरी उतरवल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ
कसलाच नाही.